पिंजारओळ, जाताना आणि येताना

रविवारी सकाळी गोदावरीबाई घराबाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या पिशवीतून दोन लाटणी डोकावत होती. शेजारची सीमा अंगणात सडा टाकत होती. तिनं पाहिलं आणि विचारलंच, "काकू, कोणाकडे पोळ्या लाटायला चालल्या?"

"पिंजारओळीत. येतेस?"

"बापा! सगळ्या ओळीच्या?"

"सगळ्या ओळीच्या," गोदावरीबाई म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन लेकीच्या गाडीत बसल्या.

लाटण्यांवर कागद होता. एक टोक एका लाटण्याला चिकटवलेलं, दुसरं दुसऱ्याला, आणि मधला कागद जन्मपत्रिकेसारखा गुंडाळलेला. घराचे नकाशे छापायला असतो तसला रोल, वीत-दीड वीत रुंदीचा कापून घेतलेला. एक लाटणं उलगडत जायचं आणि दुसऱ्यावर गुंडाळत जायचं, म्हणजे हवा तेवढाच तुकडा समोर राहतो. ही युक्ती गोदावरीबाईंची स्वतःची. घरात पोळ्या करायला मग तिसरं लाटणं आणावं लागलं, ते गुळगुळीत नव्हतं म्हणून त्या अधूनमधून कुरकुरत, पण चित्राची लाटणी परत देत नसत.

गोदावरीबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा हातानं काढायच्या, आणि सुरुवात विदर्भापासून करायच्या. "आधी आपलं घर," असं म्हणून वऱ्हाड इतकं ऐसपैस काढायच्या की कोकणापर्यंत पोचता पोचता फळा संपायचा. मग रत्नागिरी भिंतीवर जायची. निवृत्त झाल्यावर अकोल्यात दर रविवारी शहरात कुठंतरी बसून चित्रं काढणाऱ्या एका गटात त्यांचं नाव कोणीतरी घातलं. गट स्वानंद नावाच्या तरुण आर्किटेक्टनं जमवला होता. एका रविवारी किल्ला, एका रविवारी स्टेशन, एका रविवारी कापूस बाजार. तास-दीड तास चित्र, मग सगळ्यांचा एकत्र फोटो, मग नाश्ता. गोदावरीबाई तीन-चार वेळा गेल्या आणि मग जुन्या शहरातल्या पिंजारओळीत, कापूस पिंजणाऱ्यांच्या गल्लीत, जाऊन बसल्या त्या बसल्याच. गट पुढं गेला, त्या तिथंच राहिल्या.

"एका रविवारात काय कळतं?" त्या म्हणायच्या. "पाहुणे म्हणून गेलो तर पाण्याचा माठ कुठं आहे तेही दिसत नाही आपल्याला."

अबोली त्यांची एकुलती मुलगी. अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. महिन्यातून दोनदा शनिवारी यायची, रविवारी दुपारी परत जायची. वडील गेल्यापासूनचा हा नेम. रविवारी सकाळी आईला मोर्णा नदीच्या पुलापलीकडे सोडणं हेही त्यातच आलं. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून ती तोंडाशी एका बंद दुकानासमोर गाडी लावायची, काच अर्धी खाली करायची आणि पुस्तक उघडायची. आई घडीचं स्टूल काखेत मारून आत जायची.

त्या दिवशीही तसंच झालं. थंडी होती. आई गेली, आली. येताना तिच्या ओच्यात बोरं होती, कोणीतरी दिलेली. गाडीत बसून तिनं कागदाचा शेवटचा तुकडा डॅशबोर्डवर पसरला. बॉलपेननं काढलेलं चित्र. पेन्सिल ती वापरत नसे, कारण मग खोडरबर आलं. कागदाच्या मधोमध कोरा पट्टा, म्हणजे रस्ता. वरच्या बाजूला घरांची एक रांग, सरळ उभी. खालच्या बाजूला दुसरी रांग, डोकं खाली, पाय वर.

"ही घरं उलटी का काढतेस?" अबोलीनं विचारलं.

"उलटी नाहीत. तू उलट्या बाजूला बसली आहेस."

अबोली हसली आणि तिनं गाडी सुरू केली. घरी आल्यावर भरीत झालं, भाकरी झाली. आईनं बोरं धुऊन वाटीत ठेवली, त्यातली किडकी स्वतः खाल्ली. चारच्या सुमारास अबोली निघाली तेव्हा मागच्या सीटवर ज्वारीचं पीठ आणि आवळ्याची बरणी ठेवून आई म्हणाली, "मूर्तिजापूरच्या पुढं काम चालू आहे, हळू जा. आणि पोचल्यावर फोन नको करू, मी मालिका पाहते तेव्हा. मेसेज टाक."

तिनं मेसेज टाकला. आईनं अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीमाचा फोन आला. दूधवाला दोनदा हाक मारून गेला होता.

नंतरच्या दिवसांत माणसं आली, गेली, जेवली. प्रत्येकानं एकच विचारलं, आणि अबोलीला त्याचं एक उत्तर सापडलं. "अटॅक होता. झोपेतच. त्रास नाही झाला." हे वाक्य चांगलं होतं. त्यात क्रियापद होतं ते त्रासाचं, आईचं नव्हतं. पुढं बँकेत, गॅसच्या ऑफिसात, पेन्शनच्या खिडकीशी ती "ते झालं तेव्हा" आणि "ते झाल्यापासून" एवढ्यावर भागवत गेली. समोरची माणसं समजून घेत. पुस्तकांत दुःखाबद्दल पुष्कळ वाचलेलं होतं, त्यामुळे आपण काय करतोय ते तिला दिसत होतं. दिसत होतं म्हणून थांबवता येत होतं, असं मात्र नव्हे.

मार्चमध्ये स्वानंदचा फोन आला.

"अबोलीताई, आपल्या ग्रुपचं प्रदर्शन आहे. काकूंचा रोल नसेल तर मग प्रदर्शन कशाचं? पण एक अडचण आहे."

"काय?"

"खालची रांग उलटी आहे ना. भिंतीवर लावला तर लोक मान मोडून घेतील. मी विचार केला, मध्ये रस्ता कोराच आहे. तिथून आडवा सरळ कापला की दोन पट्ट्या होतात. दोन्ही सरळ लावता येतात, एकीखाली एक. शिवाय उजवीकडची रांग काकूंची पूर्ण झाली नव्हती, शेवटची तीन-चार घरं राहिली. वेगळी लावली की ते डोळ्यांवर येणार नाही."

"चालेल," अबोली म्हणाली. या दोन महिन्यांत ती सगळ्यांनाच चालेल म्हणत आली होती. गुरुजींना, बँकेच्या मॅनेजरला, जुना फ्रीज घेऊन जाणाऱ्या माणसाला.

"मी खाली लावायला चार ओळी लिहिल्यात, ऐकवू? 'पश्चिमेची रांग ओस पडत चाललेली, पूर्वेची भरभराटीला आलेली. एकाच गल्लीचे दोन चेहरे एका ज्येष्ठ नागरिकानं टिपले आहेत.' बरं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"फक्त कोणतं घर कोणाचं, दुकान कशाचं, ते काकूंनी लिहिलंच नाही. तुम्हाला माहीत असेल ना?"

अबोलीला एकाही घराचं माहीत नव्हतं. ती म्हणाली, मी रविवारी जाऊन लिहून आणते. मग ठरलं असं: ती सकाळी गल्लीत नावं लिहून घेईल, स्वानंद तिथंच येऊन रोल घेईल, आणि त्याच्या ओळखीचा फ्रेमवाला रविवार असूनही दुपारपर्यंत दुकान उघडं ठेवील.

शनिवारी संध्याकाळी जठारपेठेतल्या बंद घराचं कुलूप काढून तिनं आधी पंखा लावला, मग सतरंजी अंथरली आणि रोल उलगडला. बैठकीतून निघालेला कागद स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचला तरी लाटण्यावर शिल्लक होता. ती गुडघ्यांवर रांगत पाहत गेली. नाल्या, ओटे, कड्या, कोनाडे, वायरींचे गुंते, मीटरच्या पेट्या, छपरावरचे टायर. माणूस एकही नाही. माणसांच्या वस्तू मात्र सगळीकडे: चपला, बादल्या, सूप, वाळत घातलेली परकराची नाडी. वरच्या रांगेत बहुतेक शटर खाली होती. खालच्या रांगेत, कागद फिरवून पाहिला तर, दुकानं उघडी, दोऱ्यांवर गाद्या नि रजयांच्या खोळी, ओट्यावर कापसाचा ढीग. स्वानंदचं वाक्य बरोबर होतं. एक बाजू मेलेली, एक जिवंत.

तिनं कागद परत सरळ केला. आईनं दोन वर्षं दर रविवारी परक्या लोकांची दारं काढली. स्वतःच्या घराचं दार कधी काढलं नाही. "मी अकोल्याला जाते आईसाठी, आणि आई जाते पिंजारओळीसाठी," असं ती ग्रंथालयातल्या मैत्रिणीला गमतीनं सांगत असे. मैत्रीण हसायची. आता ती गंमत तिला सतरंजीवर एकटीला आठवली आणि त्यात गमतीचं काहीच सापडेना. आई तिथं काय पाहत होती? विचारायला माणूस होतं तेव्हा विचारलं नव्हतं. उद्या दुपारनंतर कागदाचेही दोन तुकडे होणार होते.

रविवारी ती लवकर पोचली. मार्चचं ऊन सकाळीच चढतं. गाडी नेहमीच्या जागी लावली, आणि या वेळी उतरली.

गल्ली दक्षिणेकडून उत्तरेला, नदीकडे जाणारी. डाव्या हाताच्या पहिल्याच ओट्यावर एक म्हातारी कोवळ्या उन्हात पाय पसरून अंबाडीची भाजी निवडत होती. पुढ्यात सूप. सुपाची एक कड उसवून तारेनं शिवलेली.

"कोन पायजे वं?"

"कोणी नाही. घरं पाहतेय."

"सर्वेवाली व्हय का? मांगच्या साली आलती एक. फोटू काढून गेली, नळ काई आला नाही."

"नाही, तसं नाही." अबोलीनं पिशवीतून रोल काढला.

म्हातारीनं कागदाकडे पाहिलंच नाही. लाटण्यांकडे पाहिलं. "हे तं बाईचे लाटने व्हय! कोठी हायेत बाई? गंज दिस झाले, येऊन नाही राहिल्या कावून?"

अबोलीच्या तोंडात तयार वाक्य होतं, त्रास नाही झाला हे. पण ते इथं बसेना, कारण त्याच्या आधीचं वाक्य कोणीतरी आधीच सांगितलेलं असावं लागतं. आतापर्यंत प्रत्येक ठिकाणी ते सांगितलेलं असे.

"बाहेरगावी आहे," ती म्हणाली.

"अन् तू कोन तिची?"

"मुलगी."

"अमरावतीवाली?" म्हातारीनं भाजी बाजूला केली आणि तिला पायांपासून वर नीट न्याहाळलं. "थे पुस्तकं वाचनारी? गाडीत बसून राह्यते म्हने. मी चतुराबाई. मी म्हनलं बाईले, पोरीले आन ना आत, घोटभर चहा पेईन. तं बाई म्हने, थे वाचून राह्यली, तिले कायले उठवा. लेक आठवडाभर लोकांची पुस्तकं सांभाळते, एक सकाळ तिले सोताचं वाचू द्या."

अबोलीनं गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

"जाय, पाह्य घरं. ऊन तापन मंग."

तिनं स्वानंदनं पाठवलेल्या चार ओळींचा छापील, पाठकोरा कागद उलटा करून घेतला आणि लिहायला सुरुवात केली. पहिलं घर, चतुराबाई. दुसरं, जुनं घर, निळं दार. तिसरं, जुनं घर. चौथं, जुनं घर. पाचव्याशी ती थांबली. 'जुनं घर' असं लिहिलं की काम भागत होतं, पण रोलवर पाहिलं तर त्या तीन जुन्या घरांत सारखं काहीच नव्हतं. मग तिनं लिहायचं सोडून त्याच कागदावर पाचवं दार काढायला घेतलं, निदान खुणेपुरतं. शाळा सुटल्यापासून तिनं आकृती म्हणून काही काढलेलं नव्हतं. चौकट वाकडी आली. दारावरून एक वायर जात होती, तीही काढू म्हणून पेन वर नेलं आणि लक्षात आलं की ती कुठं जाते ते माहीत नाही. लिहिताना 'वर वायरी' म्हणून सुटता आलं असतं. रेघ मात्र कुठंतरी न्यावीच लागते. ती वायरीच्या मागं डोळ्यानं गेली. वायर गल्ली ओलांडून समोरच्या घरात शिरत होती, आणि त्या समोरच्या घरातून पाण्याचा पाइप याच घराच्या ओट्याखाली येत होता. या घरची वीज तिकडे, तिकडचं पाणी इकडे. दोन्ही घरांनी आपसांत काहीतरी ठरवलेलं होतं. आईच्या चित्रात वायरही होती आणि पाइपही होता. काल सतरंजीवर दोन्ही नुसत्या रेघा होत्या.

मग ती प्रत्येक घराशी काहीतरी काढत गेली. एक कोनाडा. एक पायरी, जिचा मधला भाग झिजून वाटीसारखा झाला होता. नालीचा उतार नदीकडे नसून एका घराशी उलटा फिरतो, हे तिला नाली काढताना कळलं, आणि तिथंच ओटा उंच का केलाय तेही. दोन पोरं येऊन कागदात डोकावून गेली. "भोंगळं येऊन राह्यलं," त्यांतलं एक म्हणालं, आणि ते खरं होतं. एका बाईनं आतूनच विचारलं, "गोदाबाईच्या घरच्या का?" ती हो म्हणाली. आतून "बरं" आलं, आणि तेवढ्यावर ते मिटलं.

गल्ली कडुनिंबाच्या पारापाशी संपत होती. खाली मोर्णेचं पात्र, जलकुंभीनं हिरवंगार, पाणी आहे की नाही ते न कळणारं. रोलही तिथं संपत होता: पार, पाराला बांधलेली दोरी, पुढं कोरं. ती पारावर टेकली, पाणी प्यायली आणि परत फिरली.

फिरताना हातातला रोलही फिरवावा लागला. नाहीतर कागदावरचा पार मागं आणि खरा पार पुढं, असा घोळ होत होता. तिनं लाटणी अदलाबदल केली, कागद अर्धा गोल फिरला, आणि काल उलटी दिसणारी रांग सरळ उभी राहिली. तिच्या डाव्या हाताला पहिलं घर होतं, जाळीच्या खिडकीचं. कागदावर वरच्या बाजूला पहिलं घर, जाळीच्या खिडकीचं. ती चार पावलं चालली, कागद चार बोटं गुंडाळला. पुन्हा जुळलं. जातानाही डाव्या हाताची घरं सरळ होती आणि येतानाही डाव्या हाताचीच. कागद भिंतीसाठी नव्हताच मुळी. तो हातात धरून जायचा आणि यायचा होता.

आणि दुकानं उघडली होती. गादीवाल्यानं रजयांच्या खोळी दोरीवर टाकल्या होत्या. कापसाचा ढीग ओट्यावर आला होता. अगदी चित्रातल्यासारखं. अबोलीनं मान वळवून पलीकडे पाहिलं. जाताना जी शटर खाली होती, ज्यांना स्वानंदनं ओस पडलेली म्हटलं होतं, तीही आता सगळी वर होती. एकात सायकलचं पंक्चर निघत होतं, एकात पतंगांचा उरलेला मांजा कोणी गुंडाळून ठेवत होतं. एक बाजू मेलेली नव्हती. आई जाताना तिकडची घरं काढत होती, तेव्हा ती उघडायची वेळ झालेली नसे. येताना इकडची काढत होती, तेव्हा झालेली असे. दोन वर्षं दर रविवारी थोडं थोडं, पण जातानाची सकाळ नेहमी लवकरची आणि येतानाची नेहमी चढलेली.

तिनं भराभर कागद शेवटाकडे नेला. येतानाच्या रांगेत, जिथं चित्र अर्धवट थांबलं होतं त्याच्या जरा आधी, एका ओट्यावर एक सूप काढलेलं होतं. कड तारेनं शिवलेली. जातानाच्या रांगेत चतुराबाईच्या ओट्यावर तेच सूप. काल तिनं दोन्ही पाहिली होती आणि दोन सुपं समजली होती.

तिनं मान वर केली. चतुराबाई डावीकडच्या ओट्यावर सावलीत बसलेली होती, म्हणजे सकाळच्या ओट्याच्या जरा पुढं, समोरच्या बाजूला. पुढ्यात तेच सूप, आता त्यात तूर होती.

"तुम्ही इकडे?"

"तिकडं ऊन तापलं ना, माय. सकाळी तिकडं बसतो, मंग इकडं येतो. हा ओटा सत्यभामाचा. थे काई म्हनत नाही. बाई बी येत माह्यासंगं, स्टूल उचलून. झालं का तुहं लिवून?"

"झालं," अबोली म्हणाली आणि तिच्याशेजारी ओट्यावर बसली.

स्वानंद आला तो घाईतच. स्कूटर तोंडाशी लावून आला होता. "ताई, चला, द्या. फ्रेमवाला दोनदा फोन करून राहिलाय."

"कापायचा नाही तो," अबोली म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं ओट्यावर कागद पसरला आणि दोन्ही सुपं दाखवली. मग समोरचं खरं सूप दाखवलं. मग कागद फिरवला. स्वानंद हुशार होता, त्याला फार सांगावं लागलं नाही. तो वाकून पाहत राहिला, एकदा गल्लीच्या टोकाकडे, एकदा कागदाकडे.

"म्हणजे ओस बिस काही नाही," तो हळूच म्हणाला. "सकाळी आठला कोणाचं दुकान उघडं असतं? छ्या. मी काय लिहून बसलो!" मग सरळ उभा राहिला. "पण मग लावायचा कसा?"

"लावायचा नाही. हॉलच्या मधोमध लांब टेबलं जोडायची आणि वर पसरायचा. लोक एका बाजूनं जातील, दुसऱ्या बाजूनं येतील."

"आणि बाकी बावीस जणांची चित्रं? मधे टेबल आलं तर भिंतीपासून कोणी मागं सरकूनसुद्धा पाहू शकणार नाही. ते म्हणतील, एकट्या काकूंसाठी आमचं... माझीसुद्धा दोन आहेत, ताई." त्यानं कपाळ पुसलं. "बरं, असं सांगा. काकूंनी म्हटलं होतं का तुम्हाला असं? टेबलावर ठेवायचा, फिरून पाहायचा? त्यांची तशी इच्छा असेल तर विषय संपला. मी सगळ्यांना सांगतो, कोणी चकार शब्द काढणार नाही."

एका 'हो'नं काम होणार होतं. अबोलीच्या जिभेवर ते आलंही होतं. आईची इच्छा म्हटल्यावर वाद घालणारा माणूस अकोल्यात सापडला नसता.

"अवं, इतकं बोलून कायले राह्यले?" चतुराबाई सूप पाखडता पाखडता म्हणाली. "बाईलेच लावा ना फोन. बाहेरगावी हाये, काई चंद्रावर गेली नाही. इचारून टाका अन् मिटवा."

स्वानंदनं अबोलीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग तो गेला, आणि त्यानं नजर खाली केली.

सुपातली तूर वर उडत होती आणि परत पडत होती.

"चतुराबाई," अबोली म्हणाली, "आई बाहेरगावी नाही. मी खोटं सांगितलं. आई गेली. जानेवारीत."

सूप थांबलं. चतुराबाईनं ते मांडीवर ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. ती समोरच्या स्वतःच्या रिकाम्या ओट्याकडे पाहू लागली.

"बोरं नेली होती तिनं," ती शेवटी म्हणाली. "त्या दिवशी."

"हो. खाल्ली आम्ही."

"गोड होती का?"

"गोड होती."

मग अबोली स्वानंदकडे वळली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा नीट निघाला. "तिनं मला काही सांगितलं नव्हतं. असं ठेव, तसं ठेव, काहीच नाही. हे मला आज चालून कळलं. तरी कापू नको. वाटलं तर सगळ्यांना इथं एकदा आण, रोल घेऊन चालव, आणि मग विचार."

स्वानंदनं फोन काढला आणि बोलत बोलत गल्लीच्या तोंडाकडे गेला. "नाही, भाऊ, आज नाही... नाही, उद्याही नाही... अहो, चुकलं माझं, चहा माझ्याकडून." पुढचं ऐकू आलं नाही.

चतुराबाईनं पदरानं डोळे पुसले. मग एकदम सवयीनं दोन-चार खडे वेचून नालीत टाकले. तिचा आवाज आता रागावल्यासारखा झाला होता.

"अन् तू दोन सालं गाडीतच बसून राह्यली? इतकी का पुस्तकं असतात? माह्या ओट्यापासून गाडी दिसे तुही. कदी आत नाही आली. इतकं वाचाचं असे का तुले?"

"वाचायचं नव्हतं," अबोली म्हणाली.

"मंग?"

गल्लीत ऊन आता जवळजवळ मधोमध आलं होतं. अबोलीनं लाटण्यांवर कागद घट्ट गुंडाळला आणि मांडीवर धरला.

"ती मला चल म्हणेल म्हणून वाट पाहायचे मी. ती म्हणाली नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही." ती थांबली. मग तिनं ते सांगितलं, चतुराबाईला सांगितलं, पण जरा मोठ्यानं, गल्लीत पलीकडेही ऐकू जाईल असं.

"मला आईसोबत यायचं होतं."